बारा लाखांत जुनी लक्झरी सेदान: सी २२०, ५२०डी की सुपर्ब?

प्रश्न असा: राहायला नाशिकला, वर्षाचं रनिंग पंधरा हजार किलोमीटर, त्यातलं निम्मं मुंबई-पुण्याच्या फेऱ्यांत. बजेट ओढूनताणून १२ लाख. तीन गाड्या मनात भरल्यात. पुण्यातली २०१४ ची मर्सिडीज सी २२० सीडीआय (डिझेल), ७२,००० किलोमीटर, मागणी साडेअकरा लाख. दिल्ली पासिंगची २०१५ ची बीएमडब्ल्यू ५२०डी (डिझेल), ६५,००० किलोमीटर, मागणी साडेनऊ लाख. आणि छत्रपती संभाजीनगरची २०१४ ची स्कोडा सुपर्ब १.८ टीएसआय (पेट्रोल) ऑटोमॅटिक, ८०,००० किलोमीटर, मागणी साडेपाच लाख. कोणती घ्यावी आणि बघताना काय बघावं?

गाडीकडे जाण्याआधी पैशांची फोड करू, कारण घोडं तिथेच अडतं. बजेट १२ लाख असेल तर गाडी साडेनऊच्या वर जाता कामा नये. उरलेले अडीच लाख गाडीचेच आहेत, फक्त ते पहिल्या सहा महिन्यांत जातात. सी-क्लास नवी असताना चाळीस लाखांच्या आसपास होती. आज ती पाव किमतीत मिळते, पण तिचा हेडलाइट, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग), गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट अजूनही चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने येतं. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. साडेअकराला गाडी घेऊन हातात पन्नास हजार उरलेला माणूस पहिल्या मोठ्या बिलाला गाडी उभी करून ठेवतो, मग तीच गाडी 'कमी रनिंग' म्हणून पुढच्याला विकतो. अशी गाडी तुमच्याही वाट्याला येऊ शकते, तेव्हा सावध.

वर्षाचा खर्च पंधरा हजार किलोमीटरला सव्वा ते दीड लाख धरा, इंधन सोडून. त्यात सर्व्हिसिंग, विमा, टायरचा वाटा आणि 'अचानक' निघणारं एखादं काम आलं. १५०० सीसीवरच्या खाजगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी होता, ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा. दहा वर्षांच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पूर्ण भरपाई देणारा विमा, बहुतेक कंपन्या देत नाहीत. म्हणजे बंपर फुटला तर प्लॅस्टिकचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून.

आता गाड्या. सी २२० ही डब्ल्यू२०४ पिढीतली शेवटच्या वर्षांतली गाडी, चाकणच्या कारखान्यात जुळवलेली. इंजिन २१४३ सीसीचं ओएम६५१, १७० अश्वशक्तीचं. इंजिन दणकट आहे, पण तीन गोष्टी कान-डोळे उघडे ठेवून बघायच्या. पहिली टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व पिस्टनच्या तालात उघडणारी साखळी. ती इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, त्यामुळे काम निघालं तर मजुरीच डोळ्यांत पाणी आणते. दुसरी इंजेक्टर. या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांतले पिझो इंजेक्टर बदनाम झाले होते, २०१४ च्या गाडीत ती भीती कमी. पण इंजेक्टरच्या बुडाशी असलेल्या तांब्याच्या वॉशरमधून गळती होते, तिला वयाचं बंधन नाही. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर हाताने उचकटून निघतं. ते काढून इंजेक्टरच्या मुळाशी टॉर्च मारा. डांबरासारखा काळा, कडक थर दिसला किंवा इंजिन चालू असताना 'छक-छक' असा हवा सुटल्याचा आवाज आला, तर वॉशर गेलंय. लवकर पकडलं तर काम किरकोळ. थर दगडासारखा झाला की इंजेक्टर उपसायलाच दोन दिवस जातात, कधी बोल्ट आत तुटतो.

तिसरी गोष्ट डब्ल्यू२०४ ची खास: इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉक. चावी खाचेत घातली की 'झिक्' असा बारीक आवाज येऊन स्टिअरिंग सुटतं, मगच मीटर पेटतो. आतली छोटी मोटर झिजली की एक दिवस चावी फिरतच नाही, गाडी जागेवर मेली. टो करण्यावाचून इलाज नाही. बघायला गेल्यावर चावी आठ-दहा वेळा काढून-घालून बघा. आवाज ओढल्यासारखा येत असेल किंवा एखाद्या वेळी येतच नसेल, तर तेवढे पैसे किमतीतून कापा. आधीच बदललं असेल तर बिल मागा, ती चांगलीच गोष्ट आहे.

गिअरबॉक्स ७जी-ट्रॉनिक प्लस. यात निळं तेल लागतं, मर्सिडीजच्या २३६.१५ मान्यतेचं. जुन्या ७जीचं लाल तेल यात ओतणारी गॅरेजं आहेत, म्हणून तेल बदलल्याचं बिल असेल तर त्यावरचा तेलाचा नंबर वाचा. आतली कंडक्टर प्लेट, म्हणजे सेन्सर बसवलेली इलेक्ट्रॉनिक पट्टी, बिघडली की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. बंद करून चालू केली की तात्पुरती सुटते. विकणारा हे जाणून असतो आणि तुम्हाला दहा मिनिटांचीच चक्कर मारू देतो. दहा मिनिटांत तेल गरम होत नाही आणि दोष दिसत नाही.

५२०डी चालवायला तिघींत सर्वात सुंदर, यात वाद नाही. पण आधी आरसीवरचा इंजिन नंबर वाचा: एन४७ ने सुरू होतो की बी४७ ने. एन४७ ची टायमिंग चेनही मागच्या बाजूला आहे, आणि ती तुटली की पिस्टन-व्हॉल्व एकमेकांवर आपटतात, इंजिन संपलं. २००७ ते २०११ च्या इंजिनांत हा त्रास जास्त होता, पुढे भाग सुधारले, तरी २०१५ च्या गाडीतही ऐकल्याशिवाय घ्यायची नाही. इंजिन थंड असताना चालू करा आणि बॉनेटच्या पुढून नव्हे, काचेच्या बाजूने, फायरवॉलजवळ कान द्या. सायकलची सैल साखळी गार्डला घासावी तसा खरखर आवाज येतो, १५०० आरपीएमच्या आसपास जास्त स्पष्ट. आला तर गाडी सोडा, घासाघीस करत बसू नका. बी४७ ची चेनही मागेच आहे, पण तिची कीर्ती बरी. शिवाय बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये ईजीआर कूलरच्या (इंजिनात परत फिरवलेला धूर थंड करणारा भाग) गळतीमुळे आग लागण्याच्या धोक्यावरून डिझेल गाड्यांचा जगभर मोठा रिकॉल काढला होता. चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारा, या गाडीचं काही काम बाकी आहे का.

झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स या गाडीचा सर्वात भरवशाचा भाग. 'लाइफटाइम ऑइल' हे शब्द मात्र विसरा. झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. यात प्लॅस्टिकचा सम्प (तेल साठणारा तळ) आणि फिल्टर एकच तुकडा असतो, त्यामुळे तेलाबरोबर सम्पही बदलतो. बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये चाळीस-पन्नास हजार धरा. टायर रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे, डिकीत स्टेपनी नाही. चार रनफ्लॅटचं बिल साध्या टायरच्या दीडपट-दुप्पट येतं, आणि त्यांच्या कडक बाजूंमुळे आपल्या खड्ड्यांत रिमला लवकर बाक येतो. रॅम्पवर चाकं हाताने फिरवून बघा, डोलतं चाक लगेच कळतं.

पण या गाडीत खरं दुखणं कागदांचं आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नंतर त्या नियमाच्या अंमलबजावणीत चढउतार झाले, पण दहा वर्षं भरत आलेली डिझेल गाडी तिथे स्वस्त होते ती याच भीतीने. म्हणून साडेनऊ लाख हा भाव गाडीचा नाही, फक्त दिल्लीतला आहे. तुम्हाला ती एमएच-१५ वर आणावी लागणार. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथे पुन्हा रोड टॅक्स. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला नवेपणी १५ टक्के टॅक्स आहे. जुन्या परराज्यातल्या गाडीला वयानुसार त्यात सूट मिळते, पण हिशोबाचा पाया तुम्ही दिलेले साडेनऊ लाख नसून मूळ बिलावरची किंमत असतो, आणि ती पन्नासच्या आसपास आहे. म्हणून मूळ बिलाची प्रत मागा, नाशिक आरटीओत ती दाखवून टॅक्सचा आकडा आधी काढून घ्या, मगच दिल्लीचं तिकीट काढा. एजंट फोनवर सांगतो तो आकडा नेहमी सोयीचा असतो. टॅक्स, वाहतूक, एजंट धरून गाडी बारापाशी जाते आणि दुरुस्तीला दमडी उरत नाही.

सुपर्ब. बॅज साधा, पण मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा बाकी दोघींपेक्षा कितीतरी जास्त, आणि गाडी इथल्याच शेंद्र्याच्या कारखान्यातली. पार्ट स्कोडाच्याच ऑक्टाव्हिया-लॉराशी बरेच जुळतात, त्यामुळे स्वस्त. मग साडेपाच लाखच का? तर १.८ टीएसआय इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ही जोडी. इंजिनाच्या या पिढीत पिस्टन रिंगच्या रचनेमुळे तेल पिण्याची खोड आहे. हजार-दीड हजार किलोमीटरला लिटरभर तेल लागत असेल तर पिस्टन-रिंगचं काम ठरलेलं. विकणारा 'थोडं टॉप-अप करावं लागतं' म्हणाला की समजायचं. त्यातच टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, जुन्या बनावटीचा असेल तर तो अचानक दाब सोडतो आणि चेन उडते. सुधारित टेन्शनर बसवलाय का, हे चेन कव्हरवरच्या तपासणीच्या भोकातून जाणकार मेकॅनिकला दिसतं.

सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा. एक क्लच १-३-५-७ सांभाळतो, दुसरा २-४-६ आणि रिव्हर्स. ट्रॅफिकमध्ये रांगताना पहिल्या-दुसऱ्यात गाडी थरथरली तर क्लच पॅक संपत आलाय. गिअरचा दिवा लुकलुकून विषम गिअर किंवा सम गिअर एकदम गायब झाले, तर मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग, गेलं, आणि ते दीड लाखाच्या घरात जातं. सुपर्बच घ्यायची झाली तर २.० टीडीआय (डिझेल) बघा. त्यात सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी आहे. दर ६०,००० ला तेल आणि फिल्टर बदलला की तो निमूट चालतो. त्या इंजिनाला चेन नसून टायमिंग बेल्ट असतो. बेल्ट आणि त्याच्याबरोबर वॉटर पंप बदलल्याचं बिल नसेल तर दोन्ही पहिल्याच महिन्यात बदलायचे, 'अजून चालेल' हा सल्ला ऐकायचा नाही.

ऑडी ए४ तुम्ही विचारली नाहीत, पण विचाराल. त्या वर्षांच्या २.० टीडीआयमध्ये मल्टिट्रॉनिक सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो. त्याचं तेल दर ६०,००० ला बदलल्याची बिलं असतील तरच पुढे जा. आणि याच बारा लाखांत २०१० ची एस-क्लासही मिळते, हे एव्हाना तुमच्या नजरेस आलं असेल. एअर सस्पेन्शनच्या चार फुग्यांची आणि कॉम्प्रेसरची किंमत विचारून घ्या, मोह आपोआप उतरेल. रात्रभर उभी राहिलेली अशी गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते.

मीटरबद्दल. ७२,००० किलोमीटर अकरा वर्षांत म्हणजे वर्षाला साडेसहा हजार. डिझेल मर्सिडीज घेऊन कोणी एवढंच चालवत नाही असं नाही, पण शंका घ्यायला हरकत नाही. जुन्या पद्धती आधी: टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ७२,००० ला टायरची दुसरी जोडी असायला हवी, तिसरी असेल तर का, ते विचारा. ड्रायव्हर सीटची दाराकडची उंच कड, ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग बघा. पुढची काच उन्हाकडे धरून बघा. हायवेवर लाखभर धावलेल्या काचेला असंख्य बारीक टोचे असतात. काच नवी असेल तर ती का बदलली हाही प्रश्न आहेच.

याहून पक्की गोष्ट म्हणजे फास्टॅगचं स्टेटमेंट. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे, त्यामुळे गाडी किती हायवेवर पळाली याचा तारीखवार हिशोब मालकाच्या बँकेत पडलेला असतो. 'डॉक्टरसाहेबांची गाडी, फक्त क्लिनिकला जायची' असं सांगणाऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये आठवड्याला दोनदा खालापूरचा नाका दिसला की विषय संपतो. दुसरं, मर्सिडीजची सर्व्हिस नोंद चेसिस नंबरवर कॉम्प्युटरमध्ये असते. तुम्हाला ती देणार नाहीत, मालकाला देतात. मालकाला सोबत घेऊन वर्कशॉपमध्ये जा आणि प्रिंट घ्या. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावायचाच. हजार रुपयांचा ब्लूटूथ डोंगल फक्त इंजिनापुरतं वाचतो. मर्सिडीजला झेन्ट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, स्कोडा-ऑडीला व्हीसीडीएस किंवा ओडिस ही खास स्कॅनिंग सॉफ्टवेअर असलेला माणूस गाठा, तीन-चार हजार घेईल. पण त्या स्वस्त डोंगलनेही एक गंमत दिसते: 'कोड पुसल्यापासूनचं अंतर'. तिथे १४ किलोमीटर आलं, तर तुम्ही यायच्या आदल्या दिवशी कुणीतरी दोष पुसून ठेवलेत. मोठ्या स्कॅनरवर जुन्या दोषांसोबत त्या वेळचं किलोमीटर नोंदलेलं सापडतं. मीटर ७२,००० दाखवतोय आणि गिअरबॉक्सच्या मेमरीतला दोष १,१८,००० ला नोंदलाय, असं झालं की बोलायची गरज उरत नाही. सी २२० मध्ये चारही इंजेक्टरच्या करेक्शन व्हॅल्यू, म्हणजे प्रत्येकाच्या डिझेलच्या मात्रेत कॉम्प्युटर करत असलेली दुरुस्ती, बघायला सांगा. एकाचा आकडा बाकी तिघांपासून फार दूर असेल तर तो इंजेक्टर जाण्याच्या वाटेवर आहे.

बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा, गाडी चालू करू नका म्हणून. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, तासाभराने सुरू करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनाची पहिली दहा सेकंदं खरं बोलतात. त्या दहा सेकंदांत चेनची खरखर, इंजेक्टरचा ठोका, सायलेन्सरचा धूर सगळं कळतं. निळा धूर तेलाचा, काळा डिझेलचा, आणि पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंटचा.

मग किमान पाऊण तास चालवा. पुण्यात असाल तर आधी गर्दीतून वीस मिनिटं रांगत न्या, तेवढ्यात गिअरबॉक्स तापतो. मग बोपदेव घाट चढा. चढावर दुसऱ्या-तिसऱ्यात धक्का, आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, असं काही होतंय का बघा. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात. परत आल्यावर पी-आर-डी असं सावकाश फिरवा. रिव्हर्स पडायला सेकंदापेक्षा जास्त लागत असेल किंवा 'धप्प' होत असेल तर नोंद करा. खराब रस्त्यावर वीसच्या वेगाने काचा खाली करून ऐका. पुढून 'टक-टक' म्हणजे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. हे काम तीस-साठ हजारांत होतं, घाबरायचं नाही, किंमत पाडायला वापरायचं. गाडी बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. गरम गाडी खूप वेळ कुरकुरून चालू होत असेल तर इंजेक्टरमधलं डिझेल परतीच्या नळीत गळतंय. आणि आता पुन्हा स्कॅनर लावा. सकाळी पुसलेले दोष पाऊण तासात परत आलेले असतात.

अपघात बघायला पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र, आणा. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या पॅनलवर २००-२५० म्हणजे पुन्हा रंगवलंय, ४०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी आहे. दरवाजा-बंपर रंगवलेला चालतो, गाडी शहरात राहते. रूफ, खांब आणि डिकीच्या तळाला रंग लागला असेल तर नको.

पुराचं पाणी वेगळं तपासा. पुणे-कोल्हापूर-सांगली-मुंबई या पट्ट्यात २०१९ आणि २०२१ नंतर बुडालेल्या कितीतरी गाड्या बाजारात आल्या, धुऊन-पुसून. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ असते. तिथवर कुणी धूत नाही. सीटचे रूळ गंजलेत का, गालिच्याखालचा फोम ओला-कुबट आहे का, फ्यूजबॉक्सच्या पिनांवर हिरवट बुरशी आहे का बघा. या गाड्यांत कंट्रोल युनिट आणि वायरिंगचे जोड गालिच्याखाली, डिकीच्या कडेला बसवलेले असतात; पाणी शिरल्यावर दोष एका पावसाळ्यात दिसत नाही, दुसऱ्यात दिसतो. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यात अर्धा तांब्या पाणी सोडा. ते चाकाच्या मागून खाली पडायला हवं, छताच्या कापडावर डाग पडला तर ड्रेन तुंबलाय. एसी, काचा, कॅमेरा, मागच्या सीटचे बटण हे सगळं बसल्या जागी दाबून बघून टाका.

चाव्या दोन हव्यात. मर्सिडीजची दुसरी चावी आरसी आणि ओळखपत्र देऊन मागवावी लागते, आणि खर्च पंचवीस हजारांच्या पुढे.

कागदपत्रांत मालक कोण ते बघा. या गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असतात, मग लेटरहेडवर विक्रीचा ठराव, सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचा कागद, शिक्का हे सगळं लागतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मूळ मालकाचा मोबाइल चालू आहे आणि तो ओटीपी देईल याची खात्री करा. तीन हातांतून फिरलेल्या गाडीचा मूळ मालक परदेशी निघून गेलेला असतो. ई-चलन भरलेली हवीत. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली हवी. मागच्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर टिकून असेल तर लागोपाठ पाच वर्षं विम्याचा दावा झालेला नाही. २०२२ मध्ये अचानक शून्यावर आला असेल तर त्या वर्षी काय झालं हे विचारायचं. विमा तुमच्या नावावर चौदा दिवसांत करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप येतो, ओन डॅमेज येत नाही. आणि २०१४ ची गाडी २०२९ ला पंधरा वर्षांची होते. तेव्हा फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर येतो, म्हणजे विकायची तर त्याच्या वर्षभर आधी.

गाडी आल्यावर लगेच काय करायचं, तर आधीच्या मालकाने काय केलं यावर विश्वास न ठेवता सगळी तेलं बदला. ओएम६५१ ला साडेसहा लिटर इंजिन ऑइल, मर्सिडीजच्या २२९.५१ किंवा २२९.५२ मान्यतेचं. त्याबरोबर ऑइल, डिझेल, एअर आणि एसीचा फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, गिअरबॉक्सचं तेल-फिल्टर, पुढचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर. बॅटरी चार वर्षांवरची असेल तर तीही. अर्धमेल्या बॅटरीवर या गाड्या दहा खोटे दोष दाखवतात आणि त्यावर लोक महागडे सेन्सर बदलत बसतात. बीएमडब्ल्यूला नवी बॅटरी स्कॅनरने गाडीत नोंदवावी लागते, नाहीतर जुन्या बॅटरीच्याच हिशोबाने चार्जिंग होऊन ती लवकर जाते. या सगळ्याला लाखभर धरा. पुढे कंपनीच्या पंधरा हजारांच्या वेळापत्रकाची वाट न बघता दहा हजारांना किंवा वर्षाला तेल बदला.

पार्ट घेताना मर्सिडीजचा तारा छापलेल्या डब्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. लेमफोर्डर, सॅक्स, मान, माहले, बॉश यांचे पार्ट चालतात. कंपनीलाही यांच्यासारखेच पुरवठादार देतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आरसा, दिवा, सीटचं बटण, दाराचं हँडल बिनधास्त आणा. इंजेक्टर, टर्बो, ब्रेक, एअरबॅग तिथून आणू नका. आणि हे सगळं करणारं, झेन्ट्री असलेलं गॅरेज नाशिकमध्ये कोणतं, हे गाडी घेण्याआधी ठरवा. दरवेळी पुण्याला जावं लागलं तर दोन दिवस मोडतात आणि माणूस कंटाळून काम पुढे ढकलतो.

तिघींत माझा कौल सी २२० ला, साडेअकराला नाही. सर्व्हिस नोंद सलग असेल, चेन-इंजेक्टर स्वच्छ असतील, दोन चाव्या असतील तर नऊपासून बोलणी सुरू करा, साडेनऊला थांबा. इंजेक्टरची गळती किंवा स्टिअरिंग लॉक निघालं तर पन्नास-साठ हजार आणखी खाली. त्याहून वर गेली तर सुपर्ब टीडीआय शोधा, साडेसहा-सात लाखांत चांगली मिळते आणि हातात पाच उरतात. दिल्लीची ५२०डी सोडून द्या; हवीच असेल तर महाराष्ट्र पासिंगची, बी४७ इंजिनाची शोधा, जरी दोन लाख महाग पडली तरी.

टोकन दहा हजारांच्या वर देऊ नका, तेही बँकेतून, आणि पावतीवर लिहून घ्या: गाडीचा आणि चेसिसचा नंबर, मीटरवरचं किलोमीटर, ठरलेली किंमत, आणि 'स्कॅनर व रॅम्पवरील तपासणीत मोठा दोष आढळल्यास टोकन परत'. ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही टाका, म्हणजे सकाळी अकराचं चलन कोणाचं यावर वाद होत नाही. पंचवीस-तीस हजार रुपये आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत मागे ठेवा.